वरची ओळ गेली तर

मंदाताई,

"सोमवारी बोलू" म्हणून तू शनिवारी हेल्मेट डोक्यात घातलंस आणि स्कूटी गेटबाहेर काढलीस. सोमवार आला, तू आली नाहीस. गेटपाशी टेबलावर तुझा फोटो होता, त्याला झेंडूचा हार, आणि खाली तुझं पूर्ण नाव, जे कंपनीत कधी कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. तू कशानं गेलीस, कुठे नेलं, कोण कोण धावलं, हे सगळं मला ठाऊक आहे. ते मी लिहिणार नाही. रविवारी सकाळी दारात बसून मेथी निवडता निवडता चालताबोलता माणूस जाऊ शकतो, एवढं मला कळलं आणि ते मला अजून पटलेलं नाही.

मला तुझ्याशी भांडण पुरं करायचं आहे. शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल गोड गोड बोलले. तू फार प्रेमळ होतीस म्हणे, कधी कुणाला शब्दानं दुखावलं नाहीस म्हणे. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, की ही बाई कोण? माझ्या मंदाताईनं तर मला कितीदा रडकुंडीला आणलं होतं.

दहाव्याला मी तुमच्या गावी आले होते. विधी आटोपल्यावर तुझ्या भावानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुमी दोघी फोनवर येवढं काय बोलायच्या वो? जेवताना सुदिक तिचं कंस कंस चालायचं." मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. वहिनींनी पाणी आणून दिलं. तेव्हा जे सांगता आलं नाही, ते आता सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. आणि मधे बोलू नकोस.

आपली कंपनी दुचाकीच्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे भाग ओतते. वितळलेला धातू डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबानं भरायचा, थंड करायचा, पार्ट बाहेर काढायचा. कुठला डाय किती तापवायचा, किती वेळ थंड होऊ द्यायचा, कुठल्या मशीनला काय खोड आहे, हे चाकणच्या या पट्ट्यात मशीन लावून देणाऱ्या प्रत्येक सेटरच्या डोक्यात असतं, आणि सेटरनं नोकरी बदलली की त्याच्याबरोबर शेजारच्या कंपनीत जातं. म्हणून साहेबांनी विकी सुरू करायला सांगितलं. विकी म्हणजे अशी पानं, की जी वाचणाऱ्यालाच बदलताही येतात. ज्याला जे माहीत ते त्यानं तिथे लिहायचं. शिवाय त्या पानांत छोट्या आज्ञा लिहिता येतात. त्या आज्ञा आकड्यांची बेरीज करतात, एका पानावरचा आकडा दुसऱ्या पानावर आणतात, काही चुकलं तर ओरडतात. त्या आज्ञा लोकांनी कशा लिहायच्या हे ठरवणं माझं काम होतं. मी वरच्या मजल्यावर आयटीत, तू खाली शॉपवर, मशीनपाशी, क्वालिटीत.

मी केलेली पद्धत भक्कम होती, हे तूही नाकारलं नाहीस. प्रत्येक डायला त्याचा क्रमांक, प्रत्येक आकड्याला त्याचं एकक, प्रत्येक आज्ञेची तपासणी. थोडं जरी चुकलं तरी पान पुढे जाणार नाही. मी कँटीनमध्ये पडदा लावून सगळ्या सेटर लोकांना ते दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि गेले. त्यानंतर महिना उलटला तरी एकाही माणसानं एकही ओळ लिहिली नाही. पानं कोरीच्या कोरी.

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आलीस. डोक्यावर पिवळी टोपी, हातात माप तपासायचं गेज. बसलीसुद्धा नाहीस.

"मॅडम, तुमचं पान लई हुशार हाय. पन त्याच्यात लिवायचं कुनी?"

मी तुला समजावून सांगितलं, की सवय झाली की जमेल. तू म्हणालीस, सवय व्हायला आधी एकदा तरी जमावं लागतं. मला राग आला होता. थेरगावला घरी जाईपर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात तुला उत्तरं देत होते. मोशीच्या गर्दीत बस अडकली होती, त्यामुळे उत्तरं बरीच झाली. त्यातलं एकही दुसऱ्या दिवशी उपयोगी पडलं नाही.

कारण दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, मला शिकवा. जेवणाच्या सुट्टीत तू डबा घेऊन वर यायला लागलीस. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांद्याची पात. माझ्या पोळीभाजीकडे तू दयेनं बघायचीस. तुझ्याइतकी वाईट विद्यार्थिनी मी पाहिली नाही. सांगितलेलं निमूट ऐकायचं नाहीच. हा कंस कशाला, हा बंद करायचा राहिला तर अख्खं पान का रुसतं, एवढी अक्कल आहे तर त्याला कळत कसं नाही की राहिलाय, असं तुझं चालायचं. मी नांदेडची म्हणून तू माझं नाव नांदेड ठेवलंस आणि मी "काय करायलीस?" म्हटलं की तू तसंच लांबवून म्हणून दाखवायचीस. मॅडमची नांदेड कधी झाले, मला कळलंही नाही. या शहरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती, आणि इथे मला टोपणनावानं हाक मारणारी तू पहिली.

चार-सहा महिन्यांत तू माझ्याच आज्ञांच्या वर तुझी स्वतःची सोपी पद्धत रचलीस. दोन कंस आणि त्यात साधा मराठी शब्द. वाढव. कमी कर. दुप्पट. आणि सगळ्यात लाडका शब्द, वरीलप्रमाणे.

हा शब्द तू आणलास तेव्हा मला हसू आलं होतं. पण तू मला मशीनला अडकवलेले जुने कागद दाखवलेस. वर्षानुवर्षं सेटर पहिल्या ओळीत सगळे आकडे भरतो आणि खाली लिहितो, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. हाताला लागलेलं वळण. तू म्हणालीस, माणसाचा हात बदलण्यापेक्षा पानाला शिकवलेलं सोपं. तू पानाला तो शब्द शिकवलास. आता कुणी खालच्या ओळीत वरीलप्रमाणे लिहिलं की पान आपण होऊन वरच्या ओळीतला आकडा घ्यायचं. आणि काय सांगू, पानं भरायला लागली. ज्या सेटरनं आयुष्यात सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, तो चहाच्या वेळेत उभ्या उभ्या दोन ओळी टाकून जायचा. मला आनंद झाला, आणि माझी इतक्या मेहनतीनं बांधलेली पद्धत तुझ्या त्या एका शब्दाखाली दबून गेली याचा रागही आला. दोन्ही खरं आहे.

तू काही नेहमीच बरोबर नव्हतीस. शोकसभेत हे कुणी म्हणालं नाही म्हणून मी म्हणते. "अंदाजे" हा शब्द तूच आत घेतलास. दोन आकड्यांच्या मधे अंदाजे लिहिलं की पान मधला आकडा धरायचं. एक दिवस मोठ्या साहेबांनी ग्राहकाच्या माणसांसमोर पान उघडलं आणि भट्टीच्या तापमानापुढे लिहिलेलं, अंदाजे. तू त्याच दुपारी तो शब्द गुपचूप काढलास आणि सगळ्यांना सांगितलंस, की नांदेडला असले शब्द सुचतात. आठवड्याभरात शॉपवर सगळे मला अंदाजे मॅडम म्हणायला लागले होते.

तू मला सारखी म्हणायचीस, खाली ये. मशीनपाशी उभी राहून बघ, मग तुला कळेल माणूस कसं लिहितो. कंपनीनं दिलेले माझे सेफ्टी शूज टेबलाखाली खोक्यात कोरेच्या कोरे पडलेले होते. तू येता-जाता खोक्याला पायानं हळूच ढकलायचीस आणि विचारायचीस, आज तरी? मी म्हणायची, उद्या. मला भट्टीच्या धगीची भीती वाटायची, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असावं, कारण खोकं तू ढकलायचीस, पण कधी त्यावरून चारचौघांत बोलली नाहीस.

मग ती सेकंड शिफ्ट आली.

गोरख त्या शिफ्टचा सेटर. शांत मुलगा, नुकतं लग्न झालेलं, चिखलीला खोली घेऊन राहणारा. नवीन डाय आला होता. गोरखनं पानावर त्याची ओळ घातली, पण शेवटी नाही, मधोमध, कारण त्याच ग्राहकाचे बाकीचे डाय तिथे होते आणि त्याला पान नीटनेटकं दिसायला हवं होतं. आता त्याच्या खालच्या ओळीत लिहिलेलं होतं वरीलप्रमाणे. वर मघापर्यंत जाड पार्टचा डाय होता, आता पातळ पार्टचा नवीन डाय आला. पानानं मुकाट्यानं नवीन आकडे उचलले. खालच्या सगळ्या ओळी एकीमागून एक बदलल्या. कुणालाच काही दिसलं नाही, कारण दिसायला सगळीकडे वरीलप्रमाणेच लिहिलेलं होतं. शिफ्टभर पार्ट डायला चिकटत राहिले, फाटत राहिले, आणि रिजेक्शनचे लाल क्रेट भरत गेले.

सकाळच्या मीटिंगमध्ये गोरख टोपी हातात धरून भिंतीपाशी उभा होता. त्याला नोटीस द्यायची असं जवळजवळ ठरलं होतं. कामावर राहील की नाही हेच कळत नव्हतं. मी तोंडातून शब्द काढायच्या आत तू उभी राहिलीस.

"नोटीस मला द्या. पानाला तो शब्द मी शिकिवलाय. त्यानं नुसती वळ घातली."

नोटीस कुणालाच निघाली नाही. तू गोरखला घेऊन टपरीवर चहा प्यायला निघून गेलीस. मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला, की मी जिन्यात थांबून डोळे पुसले. आणि तू परत आल्याबरोबर मी तुला म्हटलं, की तो शब्द आजच्या आज काढ.

तिथून खरं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं होतं, की चुकीचा आकडा दाखवणारं पान हे बंद पडलेल्या पानापेक्षा वाईट. तुझं म्हणणं होतं, की शब्द काढला तर लोक काही सुधारणार नाहीत, ते परत कागदावर लिहितील आणि पान पुन्हा कोरं पडेल. कोऱ्या पानात चूक सापडत नाही याचा तुला आनंद होत असेल तर घे, असंही म्हणालीस. मी म्हटलं, गोरखची नोकरी जाता जाता राहिली, विसरायलीस का? तू त्या वेळी माझी नक्कल केली नाहीस.

दोन दिवस तू जेवायला वर आली नाहीस. तिसऱ्या दिवशी आलीस, भाकरीचा तुकडा माझ्या डब्यात टाकलास आणि म्हणालीस, की पानाला वरचा कोण ते ओळखू दे. गावात कुणी सांगितलं की डावीकडच्या घरी दे, तर आपण घर ओळखून ठेवतो. मधे कुणी नवीन घर बांधलं म्हणून निरोप त्याला देत नाही. सोपी गोष्ट होती आणि मला सुचली नव्हती. मी ती बांधून काढली. आता वरीलप्रमाणे लिहून साठवलं की पान विचारायचं, वरचा म्हणजे अमुक डाय ना? हो म्हटलं की ते त्या ओळीशी गाठ मारून ठेवायचं. मधे कितीही नव्या ओळी आल्या तरी गाठ सुटत नसे. वरचा आकडा सुधारला तर खालचाही सुधारे.

काही चुकलं की पानानं द्यायचा निरोप कसा लिहायचा यावरूनही आपण भांडलो. मी लिहिलं होतं, अवैध संदर्भ. तू वाचलंस आणि विचारलंस, ही शिवी आहे का? शेवटी तुझ्या शब्दांत गेलं: "वरचा कोण ते कळलं नाही. एकदा बघता का?" परवा एका नवीन सेटरनं तो निरोप बघून पडद्यालाच "बघतो, बघतो" असं उत्तर दिलं. मी ते ऐकलं. तुला सांगायला म्हणून फोन हातात घेतला, आणि मग ठेवून दिला.

आकड्यांची पानं आपण अशी नवी करून घेतली. बाकीची, ज्यांच्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं, ती जुन्या पद्धतीनं तशीच राहिली. त्यातलं एक पान म्हणजे "कुणाला विचारायचं". कसली अडचण आली तर कुणाला गाठायचं, त्याचा तक्ता. तो तूच केलास. पहिल्या ओळीत पानांच्या आज्ञा बिघडल्या तर, आणि पुढे माझं नाव. दुसऱ्या ओळीत डाय सेटिंग, आणि पुढे तुझं. मी म्हटलं होतं, तू मोठी, तुझं नाव वर घे. तू म्हणालीस, राहू दे, वर तू असलीस की पहिल्यांदा शिव्या तुला पडतील. तुझ्या खाली मग भट्टी, गेज कुठे ठेवलंय, नव्या माणसाला शिकवणं, पाण्याची लाइन, रविवारची शिफ्ट, बायकांच्या खोलीची किल्ली, आणि या सगळ्यांपुढे वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. हसत हसत लिहिलंस. ते सगळं खरंच तुलाच विचारायचे लोक.

शनिवारी पार्किंगमध्ये मी तुला शेवटचा प्रश्न विचारला. विकीची नवी आवृत्ती येणार होती, जुन्या आज्ञा त्यात चालणार नव्हत्या, सगळं एकदाच ठरवून टाकायचं होतं. मी म्हटलं, गाठ ठीक आहे, पण ज्या ओळीशी गाठ मारली ती वरची ओळच कुणी काढून टाकली तर?

"तर त्याच्या वरची बगायची."

मी म्हटलं, ती भलतीच असली तर? पान तिथल्या तिथे थांबलं पाहिजे. लाल झालं पाहिजे.

"तुजं आपलं समदं थांबवायचं. मानूस ईल, लाल बगंल, मंग त्यानं इचारायचं कुनाला?"

मी म्हटलं, कुणालाही विचारेल, पण चुकीचं तर करणार नाही. तू हेल्मेटची पट्टी लावलीस. घरी पाहुणे येणार होते, वाटेत मेथी घ्यायची होती.

"सोमवारी बोलू."

एवढंच. त्यात काही विशेष नव्हतं. आपण इतक्यांदा असं अर्ध्यावर सोडून उठलो होतो, की अर्ध्यावर राहणं हीच आपली रीत होती. मी बसमध्ये बसले आणि सोमवारची उत्तरं जुळवायला लागले. या खेपेला माझ्याकडे चांगली उत्तरं होती, ताई.

तुझं सगळं झाल्यावर साहेबांनी मला बोलावलं. खूप सौम्यपणे म्हणाले, की नवी आवृत्ती आता फार लांबवता येणार नाही, तुम्ही म्हणाल तसं करू, आता अडवणारं कुणी नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी खुर्चीत बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, की तू जरा गप्प बसलीस तर मी किती नीट काम करीन. तू गप्प बसलीस. असं जिंकणं मला नको होतं.

तरी मी माझ्या मनासारखंच लिहिलं. वरची ओळ सापडली नाही तर पान थांबेल, लाल होईल, कुणी येऊन सांगेपर्यंत पुढे जाणार नाही. सगळ्या पानांना एकच नियम, एकही अपवाद नाही. चाचणी केली, व्यवस्थित चाललं. तुझा वरीलप्रमाणे मी ठेवला होता, गाठीसकट, पण वरची ओळ नसली तर त्याच्याही वर चढू मात्र दिला नव्हता. दुपारचं जेवण टेबलावरच झालं. पोळीभाजी. समोर दयेनं बघायला कुणी नव्हतं.

नवी आवृत्ती सुरू करायच्या आधी एकदा जुनी पानं बघून घ्यावीत म्हणून मी "कुणाला विचारायचं" उघडलं. माणूस नोकरीतून गेलं की ऑफिस त्याचं नाव सगळीकडून काढतं, ती त्यांची पद्धत आहे. त्यांनी तुझी दुसरी ओळ अख्खीच काढून टाकली होती. डाय सेटिंगसुद्धा गेलं आणि तूही गेलीस. बाकीच्या ओळींना कुणी हात लावला नव्हता. पानानं, तुझ्या जुन्या भाबड्या आज्ञेनं, नेहमीसारखं वर बघितलं. वर आता माझी ओळ होती.

भट्टी, माझं नाव. गेज कुठे ठेवलंय, माझं नाव. नव्या माणसाला शिकवणं, पाण्याची लाइन, रविवारची शिफ्ट, बायकांच्या खोलीची किल्ली, खालपर्यंत सगळीकडे मीच.

गोरखच्या वेळची तीच चूक. मी ज्याच्याविरुद्ध इतकं भांडले तेच, माझ्या डोळ्यांसमोर. मला भट्टीतलं काही कळत नाही, पाण्याची लाइन कुठून जाते ते मला माहीत नाही, किल्ली तर तुझ्याच पर्समध्ये असायची. दुरुस्त करायला म्हणून मी हात पुढे केला, आणि टेबलावरचा फोन वाजला. गोरख होता.

"मॅडम, भट्टीचं झाकण नीट बसंना झालंय. ताई कायतरी जुगाड करायच्या त्याला. पानावर आता तुमचं नाव दाखवतंय. तर तुम्हालाच विचारायचं ना?"

त्याच्या मागे मशीनचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "हो, मलाच विचारायचं. मला येत नाही. पण कुणाला येतं ते शोधून सांगते."

"ताईबी पहिल्यांदा असंच म्हणायच्या," तो म्हणाला.

मी टेबलाखालचं खोकं ओढलं आणि शूज घातले. नाड्या बांधताना मी रडत होते, आणि वरच्या मजल्यावरची सगळी मंडळी आपापल्या पडद्याकडे बघत असल्याचं दाखवत होती. खाली गेले. धग वाटली होती तेवढी नव्हती, किंवा असेल, मला त्या वेळी कळली नाही. गोरख, मी आणि मेंटेनन्सचे एक जुने काका, तिघांनी मिळून झाकण बसवलं. म्हणजे त्या दोघांनी बसवलं. मी उभी राहून बघत होते, आणि झाल्यावर तिथल्याच पडद्यावर उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. हातात मोजे असताना कंस बंद करायला किती वैताग येतो ते मला त्या दिवशी समजलं.

वर येऊन मी माझा नियम बदलला. पूर्ण नाही, तू लगेच खूश होऊ नकोस. आकड्याची ओळ गेली तर पान थांबेल. लाल होईल, आणि तुझ्या शब्दांत विचारेल, की वरचा कोण ते कळलं नाही. तिथे मी तुझं ऐकणार नाही, कधीच ऐकलं नसतं. पण माणसाची ओळ गेली तर पान थांबणार नाही. त्याच्या वरचा बघेल, तो नसेल तर त्याच्याही वरचा, आणि ज्याच्यापाशी पोचेल त्याला आधी कळवेल, की आता हे तुझ्याकडे आलंय. कळवायचं तेवढं माझं. बाकी तुझं.

मग तक्त्यात डाय सेटिंगची ओळ परत घातली, मधे नाही, अगदी शेवटी. त्यापुढे गोरखचं नाव लिहिलं, त्याला विचारून. तो आधी नको म्हणाला, मग हो म्हणाला. बाकीच्या ओळी तशाच ठेवल्या आहेत. त्या मी भरल्या नव्हत्या, मी बदलणार नाही. किल्ली वहिनींनी कुणाच्या तरी हाती पाठवून दिली. तिला अजून तुझा लाल दोरा आहे.

नवी आवृत्ती सुरू झाली. नीट चालते. कुणी काही बोललं नाही, म्हणजे कुणाचं काही अडलं नाही. संध्याकाळी बस सुटायच्या वेळी पार्किंगमधून जाताना मी तुझ्या स्कूटीच्या जागेकडे बघत नाही. तिथे आता दुसऱ्या कुणाची तरी मोटारसायकल असते. बसमध्ये मात्र अजून उत्तरं जुळवते. मोशीपर्यंत तुझ्या बाजूनंही मीच बोलते, आणि खोटं कशाला सांगू, तू माझ्यापेक्षा चांगली बोलतेस.

रोज एकदा तरी खाली जावं लागतं आता. लोक विचारतात, मी शोधून सांगते. भाकरी आणायला शिकले नाही अजून. आणि ताई, नवे शूज टाचेला फार चावतात. इतकी वर्षं मला खाली ये, खाली ये म्हणालीस, पण हे काही तू सांगितलं नाहीस.